भंगारात लिहिलेला स्विच

इस्पितळात सगळे त्यांना तारकाका म्हणत. बावीस वर्षं केबल ओढण्यात गेली, खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. माणूस शांत, पण एखादी वस्तू टाकून द्यायची म्हटली की जिवावर यायचं. बायको म्हणायची, "मोडक्या छत्रीलासुद्धा तुम्ही पेन्शन देता."

आठ दिवसांपूर्वी इंजिनिअरबाईंनी कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे जुने स्विच काढून नवे बसवले. तेव्हापासून रोज साडेदहाला आणि चारला नेटवर्क अर्धा-पाऊण मिनिट मुकं व्हायचं, प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डात पोचायचे नाहीत. खापर बाईंवर फुटलं. आज तीनपर्यंत दोष सापडला नाही तर साहेब काम त्यांच्याकडून काढून घेणार होते.

"काका, हे बघा," दीडच्या सुमारास बाईंनी स्क्रीन वळवली. "स्विच आपसात एक मुख्य निवडतात. त्याच्याकडे जायचा एकच रस्ता चालू ठेवतात, जादाचे बंद. नाहीतर संदेश गोल गोल फिरत बसतील. पण साडेदहाला भलताच कोणीतरी येऊन मुख्याच्या खुर्चीत बसतो आणि चारला उठून जातो. दर वेळी सगळे रस्ते नव्याने ठरतात."

"हजेरी चोख आहे त्याची," काका म्हणाले. "पण आहे कोण?"

"हा त्याचा कारखान्यात पडलेला नंबर. माझ्या नकाशात नाहीच. मुख्य कोण, ते मी ठरवून द्यायला हवं होतं. नाही दिलं की सगळ्यात लहान नंबरवाला मुख्य होतो. तो बहुधा जुनाच असतो."

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. हा नंबर त्यांनीच वहीत लिहून पुढे 'भंगार' असा शेरा मारला होता. यंत्र मात्र नोंदणीच्या खोलीत कपाटामागे जोडलं होतं. तिथल्या मावशींना दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी जोडणी हवी होती आणि धडधाकट स्विच फेकवत नव्हता. मावशी साडेदहाला येऊन बटण दाबायच्या, चारला न विसरता बंद करायच्या.

"आलोच," म्हणून काका निघाले.

वायर गुपचूप उपसली असती तर दोष आपोआप गेला असता. कोणी विचारलं नसतं. बाईंचं नाव मात्र खराब ते खराबच राहिलं असतं. स्विच काखेत मारून ते खोलीबाहेर आले आणि जिन्यापाशी थोडे घुटमळले. मग थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हा मी भंगारात लिहिला आणि चालू ठेवला. घोळ याचा आहे, बाईंचा नाही."

मागून बाई आल्या होत्या. "थोडा माझाही आहे, सर. मुख्य ठरवून दिला असता तर हा लुडबुडलाच नसता."

साहेबांनी धुळीने भरलेल्या त्या डब्याकडे पाहिलं. "बाई, मुख्य ठरवा आणि काम पुढे चालू ठेवा. काका, जुन्या सामानाच्या स्टोअरची किल्ली आजपासून बाईंकडे."

काकांनी जुडग्यातून किल्ली सोडवली. नख लागत नव्हतं, वेळ लागला. बाईंच्या हातावर ठेवताना ते हळूच म्हणाले, "खालच्या कप्प्यातलं एकदम टाकू नका. आधी मला विचारा."

"विचारीन," बाई म्हणाल्या. "आणि मग टाकीन."