आक्काची दमणी आणि पास्कूमिस्त्री

गाडी तपासायची तर पास्कूमिस्त्री आधी मालकाला तीत बसवायचे. मालक रावसाहेब असो की भाजीवाला, टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या अंगणात त्याला मुकाट्यानं बसावं लागे. मग हा ख्रिस्ती सुतार जमिनीवर पालथा पडून दोरीनं मापं घेई. "रिकामी गारी सगल्यांचीच सरल असतं," हे वर ऐकवायचं.

माझी थोरली बहीण आक्का विधवा झाल्यावर हट्टानं शिकली. ठाण्यातल्या मुलींच्या शाळेत नेमणूक झाली आणि नेमकी तेव्हाच ती पडली. कंबर कायमची दुखावली. माजिवड्याहून बैलाच्या दमणीतून येताना प्रत्येक खड्ड्याला तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून मी दमणीच्या आसावर धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी बसवल्या. धक्के गेले, पण गाडी डावीकडे ओढू लागली. चाकं घासू लागली, बैलाचा खांदा सोलून निघाला. शाळेनं नियमित हजर व्हायला महिन्याची मुदत दिली होती.

"बाय बसल तवा मापीन," मिस्त्री म्हणाले. विधवेनं भर नाक्यावर तासभर बसायचं? मी शहाणपणा करून तिच्या जागी स्वतः बसलो. मिस्त्रींनी दांडीच्या टोकापासून चाकांच्या आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरी धरली आणि पाचर मारून अंतरं सारखी केली. मी ऐटीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी आक्का बसली आणि गाडी पुन्हा डावीकडे!

मी तक्रार घेऊन गेलो, तर मिस्त्री माझ्यावरच उखडले. "भाऊ, तुमी ताठ बसलाव. बायची कंबर दुखतं, ती डावीकरं कलंडून बसतं. त्या बाजूची कमान दबतं, आस मागं सरकतं. तुमचा माप तिना काय उपेगाचा?"

मी घरी येऊन सारं सांगितलं. आता नोकरी सुटलीच, असं मला वाटलं. आक्कानं पदर सावरला. "अरे, रोज वर्गासमोर उभी राहणार मी. नाक्यावरच्या चार माणसांना भिऊन कसं चालेल?"

ती मिस्त्रींच्या अंगणात येऊन दमणीत बसली. बघे जमले, कुजबुजले. मिस्त्रींनी शांतपणे दोरी ताणली, पाचर ठोकली, आणि खालूनच विचारलं, "बाय, माजे पोरीला शिकवशील?"

"पाठवा उद्यापासून."

त्या दिवसापासून दमणी सरळ धावली. आक्कानं पुढं कितीतरी वर्षं शिकवलं.

मिस्त्री वारले, ते आम्हाला त्यांच्या लेकीच्या चिठ्ठीतून कळलं. आक्का ती चिठ्ठी हातात धरून खूप रडली. मग डोळे पुसून ती माझ्यापुढं धरत म्हणाली, "किती नीट लिहिलंय रे पोरीनं."