एक इंचाचा ख्रिसमस

एडिसनला ओक ट्री रोडवरच्या एका फर्निचरच्या दुकानाबाहेर, ख्रिसमसच्या दुपारी, मी पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या प्लायवूडच्या फळीकडे टक लावून उभी होते. मागे पार्किंग लॉटमध्ये बरीच माणसं आभाळाकडे तोंड करून उभी होती. त्यांना बर्फ हवा होता. दुकानाच्या दारात मालक दिनेशभाई उभे होते. त्यांना बर्फ एकतर अजिबात नको होता, नाहीतर भरपूर हवा होता. थोडासा पडला असता तर मात्र ते संपले असते.

मी हवामानतज्ज्ञ आहे. पार्सिपनीच्या एका छोट्या कंपनीत काम करते. उद्या पाऊस पडेल का, हे आम्ही सांगत नाही. तो पडला होता का, हे सांगतो. बर्फावरून घसरलेले लोक आमच्याकडे येतात आणि त्यांना भरपाई द्यायची नसलेले लोकही येतात. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या मुलीने बर्फ मोजून पोट भरावं, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

दिनेशभाईंची जाहिरात अशी होती: आमच्याकडून सोफा घ्या, ख्रिसमसला बर्फ पडला तर पूर्ण पैसे परत. ही सरळ सरळ पैज आहे, पण इथे तिला प्रमोशन म्हणतात. दुकानदार असली पैज स्वतःच्या खिशातून लावत नाही. तो तिचा इन्शुरन्स काढतो. बर्फ पडला तर इन्शुरन्स कंपनी पैसे भरते, गिऱ्हाईक खूश, दुकानदाराचं नाव. आणि बर्फ खरंच पडला का, हे सांगायला तिऱ्हाईत म्हणून आमच्यासारखं कोणीतरी लागतं.

पॉलिसीत लिहिलं होतं: दुकानासमोर दिवसभरात किमान एक इंच. जाहिरातीत लिहिलं होतं: बर्फ पडला तर. इंचाचा पत्ता नाही.

मी दिनेशभाईंना लगेच फोन केला. ते घाटकोपरला वाढलेले, त्यामुळे मराठी छान बोलतात.

"दिनेशभाई, जाहिरातीत एक इंच लिहा."

"ताई, इंच-बिंच लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतो. सोफा विकतोय, कापड नाही."

"पण अर्धा इंच पडला तर इन्शुरन्सवाले पैसे देणार नाहीत, आणि गिऱ्हाईक मागणार."

"ख्रिसमसला इथे कुठे बर्फ पडतो? आणि पडला तर काय अर्धाच पडणार? बर्फ आहे, डिस्काउंट नाही."

मी माझ्या बॉसला, ग्रेगला सांगितलं. तो म्हणाला, "आपण जाहिराती तपासतो का?"

"नाही."

"मग फळी घेऊन जा."

अनुभवी माणसाचा सल्ला असा मोजका असतो.

तर ख्रिसमसच्या दुपारी जेवणाची वेळ टळल्यावर पहिला कण माझ्या बाहीवर पडला. कोट काळा होता, म्हणून स्पष्ट दिसला. नंतर दुसरा. मग बरेच. मागून आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यात पुढे शैलाकाकू होत्या. त्यांनी काकांच्या गुडघ्यांसाठी रिक्लायनर सोफा घेतला होता. त्या फोनवर व्हिडिओ काढत ओरडत होत्या, "अहो, पडला! पडला हो!" काका गाडीत हीटर लावून बसले होते. त्यांनी आतूनच हात हलवला.

कण फळीवर पडत होते आणि विरघळत होते. मी पट्टी लावून बघत होते. मोजायला काही नव्हतं. थोड्याच वेळात ऊन पडलं. खेळ खलास.

दिनेशभाई धावत आले. थंडीत त्यांना घाम फुटला होता.

"ताई, हा बर्फ नव्हता. साबुदाण्यासारखं काहीतरी होतं ना? गारा!"

"गारा नव्हत्या. सहा टोकांचे कण होते. बर्फच होता."

"मग एक इंच लिहा!"

"फळी कोरडी होत आलीय, दिनेशभाई."

"म्हणजे गिऱ्हाइकासाठी बर्फ पडला आणि इन्शुरन्ससाठी नाही पडला?"

"हो."

"एकाच दिवशी? एकाच दुकानासमोर?"

आमच्या धंद्यात याला 'ट्रेस' म्हणतात. म्हणजे बर्फ पडला, पण मोजता येण्याइतका नाही. शास्त्राच्या दृष्टीने अगदी निर्दोष शब्द आहे. दिनेशभाईंना तो शिवीसारखा लागला.

मी ग्रेगला फोन केला. तो सासुरवाडीला जेवत होता.

"ट्रेस? नक्की?"

"नक्की."

"कोणालाच आवडणार नाही."

"ते माझ्याही लक्षात आलंय."

"मग तेच लिही," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्याबद्दल माझं मत त्या दिवशी थोडं सुधारलं.

रात्रीपर्यंत आणखी काही पडलं नाही. इन्शुरन्स कंपनीने रिपोर्ट वाचून दिलगिरी व्यक्त केली. त्यांची दिलगिरी फुकट असते, म्हणून सढळ हाताने देतात. दिनेशभाईंच्या वकिलाने जाहिरात वाचली आणि पैसे परत करा म्हणाला. दिनेशभाईंनी गिऱ्हाइकांना पैशांऐवजी दुकानाचं क्रेडिट देऊन बघितलं. शैलाकाकू म्हणाल्या, "भाऊ, रिक्लायनर एकच लागतो. गुडघे दोन असले तरी काका एकच आहेत." त्यांना पैसे मिळाले. मग सगळ्यांनाच द्यावे लागले. दिनेशभाईंनी गोडाऊन सोडलं, नवी डिलिव्हरी व्हॅन विकली, पण एकालाही बुडवलं नाही. दुकान कसंबसं वाचलं. ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढचं डायनिंग टेबल ऑनलाइन घेतलं. स्वस्त पडतं म्हणे.

मला वाटलं होतं, हा माणूस आता बर्फाचं नावही काढणार नाही. पण पुढच्या ऑक्टोबरमध्ये दिनेशभाई आमच्या ऑफिसात मिठाईचा बॉक्स घेऊन हजर. चेहरा फुललेला.

"ताई, या वर्षी वकिलाला दाखवून घेतलंय. बघा."

मी कागद हातात घेतला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ख्रिसमसला एक इंच बर्फ पडला तर पूर्ण पैसे परत.

"छान आहे," मी म्हणाले. "पण कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"कुठे पडला तर? अलास्कात तर नक्कीच पडेल."

दिनेशभाईंनी कागद परत ओढून घेतला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि मी मिठाईचा बॉक्स उघडला.

आभाळावर खुशाल पैज लावावी. फक्त आपलं आभाळ कुठून कुठपर्यंत, ते आधी ठरवून घ्यावं.