चौथ्या प्रश्नाचं उत्तर

माझ्या मोठ्या जाऊबाई सर्व्हेचं काम करतात. आधी त्या एका छापखान्यात प्रूफं तपासायच्या. तो बंद पडला, आणि चाळिशीच्या बाईला नवी नोकरी कोण देणार, म्हणून त्या कंत्राटावर घरोघर फॉर्म भरायला लागल्या. अकरा वर्षांत त्यांनी गुरं मोजली, नळ मोजले, एकदा तर नुसती चष्मा लागलेली माणसं मोजली. शब्द न् शब्द नीट वाचायची सवय त्यांना छापखान्याने लावली आणि खोटं लिहायचं नाही ही खोड त्यांची स्वतःची. गेल्या वर्षी या दोन्ही गोष्टींनी मिळून त्यांना अगदी मेटाकुटीला आणलं.

काम तसं सोपं दिसत होतं. शहराच्या कडेला नऊ खेडी आहेत. तिथल्या शेतकऱ्यांना भेटायचं आणि ते पिकवलेलं जवळपासच्या माणसांना विकतात का, कसं विकतात, ते विचारायचं. ऑफिसातून एक टॅब मिळाला. त्यात अडतीस प्रश्न. पहिले तीन नाव, जमीन आणि पिकं यांचे. चौथा असा: 'आपण आपल्या शेतमालाची स्थानिक पातळीवर थेट ग्राहकांना विक्री करता का?' 'हो' वर बोट ठेवलं की पुढचे चौतीस प्रश्न उघडायचे. 'नाही' वर ठेवलं की हिरवी पट्टी यायची, 'मुलाखत पूर्ण झाली. धन्यवाद.'

पहिल्या आठवड्यात एकजात सगळे 'नाही' म्हणाले.

"आज पण लवकर?" सासूबाईंनी दारातच विचारलं. जाऊबाई दुपारीच घरी आल्या होत्या. मी शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे आमचं जेवणाचं टेबल कायम कापडाखाली असतं. त्यातला एक कोपरा मोकळा करून त्यांनी टॅब आपटला. फुटला नाही, हे नशीब.

"दोन मिनिटांत बोळवण करतात. नाही म्हणतात, आणि संपलं."

"मग बरंच की. ऊन तरी कमी लागतं," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, पण मला त्यांचं ते 'नाही' खरं वाटत नाही."

का वाटत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी त्या एका अंडीवाल्या काकूंकडे गेल्या होत्या. साठीच्या बाई, नवरा गेलेला, दोन एकरात भाजी आणि मागे जाळी लावून शंभरेक कोंबड्या. काकू पायरीवर बसून कोबीची पानं काढत होत्या. जाऊबाईंनी चौथा प्रश्न वाचला.

"नाही हो बाई, आम्ही कुठले विकतोय! आमचा सगळा माल व्यापाऱ्याच्या टेंपोत जातो."

तेवढ्यात फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. एक मास्तरीणबाई होत्या, शाळेतून घरी निघालेल्या. काकू उठल्या, निळ्या पिंपाचं झाकण काढून अंड्यांचा ट्रे बाहेर काढला, सोबत दोन कोबी घेतले आणि सगळं फाटकावरून पलीकडे दिलं. मास्तरीणबाईंनी नोटा हातात ठेवल्या. काकूंनी त्या न बघताच ब्लाउजमध्ये सारल्या आणि परत पायरीवर येऊन बसल्या.

"हे काय होतं, काकू?"

"हे होय? ती रोजचीच आहे."

"पण पैसे घेतलेत ना?"

"घेणार नाही तर काय! कोंबड्या काय हवेवर जगतात?"

"मग ही विक्रीच झाली की."

"विक्री कसली त्यात? देते मी तिला," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. जाऊबाईंना तर तेच जास्त लागलं. काकू खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी जो टेंपोत चढतो, वजनकाट्यावर जातो, ज्याची पावती येते, तो विकलेला माल. फाटकावरून हातात जातं ते नुसतं देणं. पैसे घेतले तरीही.

जाऊबाईंनी तिथूनच सुपरवायझरला फोन लावला. हा तिशीतला, दोन फोन बाळगणारा आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलणारा माणूस. शब्द बदला, त्या म्हणाल्या. 'विक्री' ऐवजी साधं काहीतरी विचारू या.

"ताई, प्रश्न वरून आलाय. शब्दाला शब्द वाचायचा."

"अहो, लोकांना कळतच नाहीये तो."

"नाही कळला तर परत वाचायचा."

त्या परत परत वाचत राहिल्या. बारा दिवस. बारा दिवसांनी त्यांच्या डोक्यात तिडीक गेली आणि त्यांनी स्वतःची एक वाट काढली. चौथ्या प्रश्नाच्या आधी त्या सहज विचारायला लागल्या, "या आठवड्यात घरातून कुणाला काय काय दिलंत?"

आणि माणसं बोलायला लागली. एकजण वसतिगृहाच्या आचाऱ्याला भोपळे पोचवत होता, गेली सहा वर्षं, दर बुधवारी. एक बाई सात घरी दूध घालत होती. एका तरुण शेतकऱ्याचा टोमॅटोचा क्रेट गावातल्या न्हाव्याच्या दुकानात आरशाखाली ठेवलेला असायचा. दाढी करायला येणारे जाताना पिशवी भरून न्यायचे. अंडीवाल्या काकूंकडेही त्या परत जाऊन बसल्या. जाऊबाई हे सगळं ऐकायच्या, मग चौथा प्रश्न वाचून, "म्हणजे हे 'हो' धरायचं ना?" असं विचारायच्या आणि 'हो' वर बोट ठेवायच्या. दोन मिनिटांची मुलाखत पाऊण तासाची झाली. घरी त्या अंधार पडताना यायच्या, दमलेल्या, पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर तरतरी दिसायची. जेवताना आम्हाला त्या न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. माझे मोठे दीर मोटरपंप दुरुस्त करतात, एरवी जेवताना चकार शब्द काढत नाहीत. तेसुद्धा म्हणाले, "उद्या मला पण दाढी तिथंच करायला हवी."

हे सुख आठ दिवस टिकलं.

ऑफिसात भरलेले फॉर्म पडताळायची पद्धत असते. तिथली एक मुलगी फोन करून तोच प्रश्न परत विचारते. तिने जाऊबाईंच्या एकोणीस शेतकऱ्यांना फोन केले, चौथा प्रश्न शब्दाला शब्द वाचला आणि सोळा जण म्हणाले, "नाही, आम्ही विकत नाही."

जाऊबाईंना बोलावून घेतलं. ऑफिस म्हणजे एका लांबट खोलीत सहा टेबलं आणि एकच पंखा, तोही सुपरवायझरच्या डोक्यावर. त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. सोळा ओळी लाल.

"ताई, घरी बसून भरलेत का हे?"

अकरा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर चला. आत्ता. मी एकेक घर दाखवते, क्रेट दाखवते, निळं पिंप दाखवते."

"तुम्ही खरं बोलताय हो, मला कळतंय. पण सिस्टिम लाल दाखवतेय त्याला मी काय करू?" तो खरंच हतबल दिसत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "परत जाऊन भरा. या वेळी फक्त प्रश्न वाचा. नाहीतर सगळेच फॉर्म बाद होतील, पहिल्या बारा दिवसांचेसुद्धा."

त्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला होता, म्हणून स्कूटर मी चालवली. पहिलंच घर अंडीवाल्या काकूंचं घेतलं. मी फाटकाशी गाडी लावेपर्यंत जाऊबाई आत पोचल्याही होत्या.

"काकू, फोनवर नाही का म्हणालात?"

"कुठला फोन?"

"ऑफिसातल्या मुलीचा. विकता का म्हणून विचारलं तिने. माझ्यासमोर तुम्ही 'हो' म्हणाला होतात."

"तुमच्यासमोर म्हणाले. तिला कशाला सांगू? कोण ती?"

"अहो, मला खोटं ठरवलंत तुम्ही!" जाऊबाईंचा आवाज चढला. मी त्यांना घरात इतकी वर्षं बघतेय, पण असा आवाज ऐकला नव्हता. मागच्या जाळीतल्या कोंबड्यांनी कलकलाट सुरू केला. "मी पाऊण तास बसून लिहून घेतलं. सगळं खरं लिहिलं. आणि तिकडे मला विचारतात, घरी बसून भरलंत का!"

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांचं 'तुम्ही' एकदम 'तू' वर आलं.

"ओरडू नकोस. मागे एकजण असाच टॅब घेऊन आला होता. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला टेबल मांडायची. त्याने गोड बोलून विचारलं, मी सगळं खरं सांगितलं. महिनाभरात टेबल उचलून नेलं माझं. परवाना नाही म्हणे. आता तू सांग, मी 'हो' म्हटलं तर उद्या माझ्या दारात कोण येणार?"

जाऊबाईंनी हातातला टॅब बंद केला.

"सांग ना. हा सर्व्हे कशासाठी चाललाय?"

"मला माहीत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"माहीत नाही, आणि माझ्यावर ओरडतेस?"

त्यांनी तिथेच, काकूंच्या समोर उभं राहून, सुपरवायझरला फोन लावला आणि विचारलं. तो म्हणाला, त्यालाही नक्की माहीत नाही, वरून आलंय. स्पीकर चालू होता. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाऊबाईंनी टॅब उघडला. चौथा प्रश्न हळू, सरळ आवाजात वाचला. काकू म्हणाल्या, "नाही." त्यांनी 'नाही' वर बोट ठेवलं. हिरवी पट्टी आली.

उरलेली घरं आम्ही चार दिवसांत उरकली. न्हाव्याच्या दुकानापाशी त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, आत एक नजर टाकली, म्हणाल्या, "चल." आरशाखाली क्रेट होता. त्या शेतकऱ्यानेही 'नाही' म्हटलं होतं.

शेवटच्या दिवशी माझी कापडं बाजूला सारून त्यांनी त्याच टेबलावर एक पत्र लिहिलं. दोन पानं. कुणाचं नाव नाही, गाव नाही. फक्त एवढंच, की लोक इथे रोज जवळच्या माणसांना अन्न पुरवतात, पण त्याला ते विक्री म्हणत नाहीत, आणि म्हणायला घाबरतातही. प्रश्न बदला आणि आधी सांगा, हे कशासाठी विचारताय. हे पत्र त्यांनी टॅबबरोबर ऑफिसात दिलं. सुपरवायझरने ते फाईलला टाचलं.

चार महिन्यांनी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, या भागात थेट विक्री जवळजवळ नाही, कारण शेतकऱ्यांना तिची माहिती नाही. म्हणून त्यांना प्रशिक्षण द्यावं.

आणि प्रशिक्षण झालंही. पंचायतीच्या सभागृहात, दिवसभर. हजेरी घ्यायला कुणाला बोलावलं असेल? जाऊबाईंना. "नाही म्हणा," असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला बघायचंय."

अंडीवाल्या काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. न आलेल्याला पुढच्या योजनेत घेणार नाही अशी आवई कुणीतरी उठवली होती, म्हणून सगळी गावं लोटली होती. शिकवणारे गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत होते. एका चित्रात रस्त्याकडेला टेबल, त्यावर अंडी, मागे हसणारी बाई.

"अशा प्रकारे आपण थेट ग्राहकापर्यंत पोचू शकतो," ते म्हणाले.

काकूंनी वळून जाऊबाईंकडे बघितलं. जाऊबाईंनी हजेरीच्या कागदात मान घातली. त्या दोघींनी नजरेने एकमेकींना काय सांगितलं असेल, मला ठाऊक नाही. काकूंच्या फाटकाशी मात्र त्या दिवशी मास्तरीणबाई हॉर्न वाजवून रिकाम्या हाताने परत गेल्या. हे काकूंनीच मागाहून सांगितलं, आणि वर हेही की ते उचलून नेलेलं टेबल अजून परत मिळालेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत हा सगळा प्रकल्प चालवणाऱ्या मॅडम आल्या. जाऊबाई त्यांना जिन्यात गाठून म्हणाल्या, "मॅडम, माझं पत्र मिळालं का?"

"ते दोन पानी? तुमचं होतं का ते?" मॅडमचा चेहरा खुलला. "वाचलं ना. काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं!"

"आणि आतलं?"

"आतलंही महत्त्वाचं आहे. पुढच्या वेळी प्रश्न ठरवताना तुम्हाला नक्की बोलावू."

"पुढच्या वेळी कशाला? आत्ताच बसू या ना दहा मिनिटं. ज्यांचं टेबल उचलून नेलं त्या काकूंनाही बोलावते, आतच बसल्यात."

मॅडमनी घड्याळ बघितलं. खाली गाडी चालू होती. त्यांनी जाऊबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आपुलकीने, आणि जिना उतरून गेल्या.

घरी आल्यावर जाऊबाई पायातल्या चपलाही न काढता अंगणातल्या नळाखाली बराच वेळ हात धूत राहिल्या. शेवटी सासूबाईंनी जाऊन नळ बंद केला.

"पुरे झालं हे काम आता," सासूबाई म्हणाल्या.

"हो, पुरेच झालं," जाऊबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी सुपरवायझरचा फोन आला. नवा सर्व्हे होता, विहिरींचा. त्यांनी विचारलं, "कशासाठी आहे ते आधी सांगा." तो म्हणाला, विचारून सांगतो. त्याने सांगितलं नाही. पण घर चालवायचं असतं, आणि चाळिशी केव्हाच मागे पडलीय. सोमवारी सकाळी त्या डबा घेऊन निघाल्या. गुडघ्याला पट्टी बांधली होती. मॅडमच्या बोलावण्याची मात्र त्या अजून वाट बघतात, आणि 'वाट बघताय' असं कुणी म्हटलं की चिडतात.