नकलीच्या बशीतलं नाणं

माझ्या आत्याने एकतीस वर्षं बटणांच्या कारखान्यात प्रेस चालवला. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तोंडाने फटकळ, हाताने हळवी, आणि छंद काय तर रशियाच्या बादशाही काळातली तांब्याची नाणी जमवायचा.

"सोनं कुणीही जपतं गं," ती म्हणायची. "तांबं हजार हातांतून फिरलेलं असतं."

कपाटात स्वेटरांच्या खाली पत्र्याचे डबे, डब्यांत कागदी पाकिटं, पाकिटांत नाणी. एकदा माझ्या आईने नणंद खूश होईल म्हणून चार नाणी लिंबू-मीठ लावून लख्ख घासली. दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी रंग पाच मिनिटांत उतरला. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी घासलेलं नाणं मेलंच. आत्या दोन महिने आईशी चकार शब्द बोलली नाही. "करायला गेले एक नि झालं भलतंच," असं आई अजून सांगते.

तिचं लाडकं नाणं पाच कोपेकचं, राणी कॅथरीनच्या नावाचं. जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या ढिगात तिला ते सापडलं होतं. एका बाजूला दोन डोक्यांचा गरुड, पण पुसट, आणि त्याच्या पंखावरून भलत्याच रेघा गेलेल्या.

यंदा नाणेप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात तिने पहिल्यांदाच टेबल मागितलं. वीस वर्षं ती तिथे मागच्या खुर्चीत गप्प बसायची. कारखान्यातल्या बाईला कोण विचारतो! अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी नाणं तपासायला ठेवून घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हॉलवर गेलो, तर आत्याचं टेबलच नाही. दाराशी मात्र पांढरी बशी होती. नवख्यांना ओळखता यावीत म्हणून मंडळ त्या बशीत नकली नाणी मांडतं. सगळ्यांत वर आत्याचं पाच कोपेक, आणि चिठ्ठी: 'ओतीव नक्कल.'

रागाने मला रडूच आलं. नाणं त्या बशीत राहिलं असतं तर तिच्या डब्यांकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

"डॉक्टर, हे कुणी ठरवलं?" आत्याने विचारलं.

"बाई, गरुड बघा ना कसा बसलाय. खरं नाणं छाप मारून करतात, हे साच्यात ओतलेलं आहे. त्यात काय एवढं, फसतो माणूस."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि तीही दातांच्या डॉक्टरांनी!

आत्याने पर्समधून पितळी बटण काढलं. "चुकीचा छाप बसला तर आम्ही बटण फेकत नव्हतो. पुन्हा प्रेसखाली घालायचं, वरून नवा छाप मारायचा. पण कितीही जोर लावा, खालचा थोडा उरतोच. हे बघा." बटणावरच्या नांगराखालून फुलाची पाकळी डोकावत होती.

मग तिने नाण्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. पंख उमटला. पंखावर आडवी, उलटी, मुकुटाची कड उमटली.

"गरुडाच्या अंगावर मुकुट उलटा कसा आला, सांगा. ओतणारा दोन-दोन छाप कशाला ओतेल?"

मंडळाच्या ग्रंथपाल बाई एव्हाना कपाटातून जाडजूड पुस्तक घेऊन आल्या होत्या. पान उघडून त्यांनी ते डॉक्टरांच्याच हातात दिलं. राणीने पाच कोपेकच्या नाण्यांवर दहाचा छाप मारायला लावला होता. पुढे ती वारली, मुलगा गादीवर आला आणि त्याने दहाची पुन्हा पाच करायला लावली. एकाच तांब्यावर तीन छाप. वाचता वाचता डॉक्टरांचा आवाज खाली खाली गेला.

"म्हणजे पोरगं आईचं ऐकत नाही, हे राजवाड्यातही होतंच," आत्या म्हणाली. अख्खा हॉल हसला.

डॉक्टरांनी, मानलं पाहिजे, स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी फाडली. दाराजवळचं टेबल रिकामं करून दिलं. त्या टेबलामागे आत्या अशी ताठ बसली की माझाच ऊर भरून आला. दुपारपर्यंत तिच्यासमोर रांग लागली होती. लोक पाकिटं उघडून विचारत होते, "ताई, जरा हे बघता का?"

शेवटी डॉक्टर आले. मखमलीच्या डबीतलं त्यांचं सर्वांत देखणं पाच कोपेक त्यांनी पुढे केलं. "याचा गरुड बघा, एक पीस पुसट नाही."

आत्याने गरुडाकडे पाहिलंच नाही. तिने कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. बारीक जाळीच्या नक्षीत एका जागी नख थांबलं. तिथे साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण कानशीने घासून बुजवलेली होती. तिने पुन्हा एकदा नख फिरवलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"डॉक्टर," आत्या अगदी मायेने म्हणाली, "ती बशी जरा इकडे सरकवता?"