नदीवर पाळत ठेवणारे माझे भासरे

नदीवर प्रेम करणारे जगात पुष्कळ असतील, पण माझ्या भासऱ्यांइतक्या संशयानं तिच्यावर प्रेम कोणी केलं नसेल. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. देवरीच्या पुढं, चिचगडकडच्या डोंगरांतून उतरणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी माझं सासर आहे. जाऊबाई वारल्या, पुतण्या नोकरीसाठी नागपूरला गेला, आणि त्या घरात भासरे, एक म्हैस आणि मागच्या दारातून दिसणारी नदी एवढेच उरले. म्हशीची त्यांना काळजी नव्हती. ती आपला रंग सांभाळून होती. काळजी होती नदीची. तिचा रंग जरा इकडचा तिकडे झाला की त्यामागं कोणाचा तरी हात आहे, हे त्यांचं आधीच ठरलेलं असे. हात कोणाचा, एवढंच शोधायचं बाकी.

मी गोंदियात मुलींचं वसतिगृह चालवते. नवरा गेल्यापासून तेच माझं घर. सकाळी दूध आलेलं असतं, भाजी निवडायला टाकायची असते, गॅसची टाकी संपत आलेली असते, आणि नेमका तेव्हा भासऱ्यांचा फोन वाजे. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. "बाई, लाल होऊन राहिली." मग जरा थांबून, "काऊन लाल झाली असंल, सांगा." उत्तर मला विचारलेलं नसे. उत्तरं त्यांच्याजवळ तयार असत आणि ती सगळी ऐकल्याशिवाय फोन ठेवायची सोय नव्हती. लाल झाली म्हणजे वरच्या अंगाला पाऊस पडून तांबडी माती उतरली, किंवा कोणी मुरूम खोदला. हिरवी झाली तर पाणी थांबून शेवाळ आलं, आणि त्या शेवाळाला खाऊ घालणारा युरिया भाताच्या बांध्यांतून वाहून आला. चहासारखी दिसली तर डोहात पाला कुजला. त्याला ते "जंगलानं चहा मांडला" म्हणत आणि तेवढ्या एका रंगाला त्यांची माफी असे. पांढरा फेस आला तर वरच्या गावात लग्न झालं आणि भांडी नदीवर घासली. काहीच नसताना ती काळवंडली तर वर आभाळ आलं असेल, हे मी एकदा सुचवलं होतं. "आभाळ तर मलेही दिसते वो," ते म्हणाले, आणि त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

ही माहिती त्यांनी घरबसल्या जमवलेली नव्हती. एकदा नदी लाल झाली तेव्हा ते छत्री घेऊन सायकलनं काठाकाठानं वर गेले, मुरमाची खाण शोधली, आणि पुरावा म्हणून तांबडं ढेकूळ रुमालात बांधून एसटीनं थेट माझ्या वसतिगृहाच्या पायरीवर आणून ठेवून गेले. दुसऱ्या वेळी नदी चक्क गुलाबी झाली. भासऱ्यांनी पाणी प्यायला आणलेली सगळी गुरं परत फिरवली, बायकांना कपडे धुवायला मनाई केली आणि स्वतः वर चालत गेले. तिथं एका वरातीतला बँडवाल्यांचा ताफा रात्रीचे लाल डगले नदीत खळबळून घेत होता, आणि डगल्यांचा कच्चा रंग सुटत होता. भासऱ्यांनी ओल्या बनियनवर उभ्या असलेल्या त्या मंडळींना इतकं लांबलचक भाषण दिलं की शेवटी नवरदेवाचा मामा त्यांना शोधत आला. "पाणी खराब कराले तुमाले कोणी सुपारी देल्ली का?" असं भासऱ्यांनी विचारलं, तेव्हा पिपाणीवाला म्हणाला, "काका, सुपारी तो बजाने की थी." हे मला फोनवर सांगताना भासरे स्वतःच हसले होते. जाऊबाई गेल्यानंतर मी ऐकलेलं त्यांचं ते पहिलं हसू.

फोनवरच हे सगळं का, तर त्याला कारण आहे. आमच्या घरात भासरे आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. तीस वर्षांच्या संसारात ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. नवरा होता तोवर त्याच्यामार्फत निरोप येई; तो गेल्यावर म्हशीमार्फत येऊ लागला. मी महिन्याकाठी गावी जाई. मी अंगणात, ते गोठ्याच्या दारात, आणि म्हशीकडे तोंड करून त्यांचं चाललेलं असे, "चहा ठेवा म्हणा. साखर डब्यात हाय म्हणा." फोन आला आणि त्यांना मोकळं रान मिळालं. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून चालतं, असा त्यांनी निकाल दिला होता.

गेल्या वर्षी मात्र त्यांचा रंगांचा साठा संपला. रोज एकच बातमी. "बाई, पिवळी." परत दुसऱ्या दिवशी, "पिवळीच हाय." माती म्हणावी तर पाऊस नव्हता, पाला म्हणावा तर पानगळ सुरू व्हायची होती. एकेक कारण तपासून बाजूला टाकता टाकता शेवटी ते आपल्या लहानपणच्या सोबत्यापर्यंत पोचले. हा सोबती नदीवर मासे धरतो. दोघं एकाच डोहात पोहायला शिकलेले. भासऱ्यांनी चारचौघांत त्याला विचारलं, "झाडाची साल ठेचून पाण्यात टाकतेस का मासे गुंगवाले?" मासे धरणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही. सोबती जाळं खांद्यावर टाकून उठला आणि म्हणाला, "नदी नाही पिवळी झाली बे, तुहं डोस्कं पिवळं झालं." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बाकीचं गावही मग त्यांना टाळू लागलं. कोणाचा युरिया, कोणाची म्हैस, कोणाचं धुणं, भासऱ्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं.

मी गावी गेले आणि आधी नदी पाहिली. थंडीतलं निवळ पाणी, तळातला एकेक गोटा दिसत होता. पिवळं काही नव्हतं. अंगणात आले तर भासरे म्हशीला म्हणाले, "बाईंच्या लुगड्याले एवढी हळद कायले सांडली, विचारा." माझं लुगडं दुधासारखं पांढरं होतं, त्याच सकाळी इस्त्री केलेलं. मी पदराकडे पाहिलं, त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि म्हशीला सांगितलं की भाऊजींना म्हणा, सोमवारी गोंदियाला यायचं आहे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी एकाचं ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. पहिल्या वेळी डोळ्यावर पट्टी बांधून ते खाटेवर बसले होते, जवळ मी एकटीच, आणि म्हैस तर आणता येण्यासारखी नव्हती. मग भिंतीकडे तोंड करून ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी जेवल्या का?" पट्टी आहे, म्हणून चालतं, असं पुढं त्यांनीच जोडलं. पट्टी निघाल्यावर मी त्यांना गावी नेलं तेव्हा ते सरळ काठावर गेले आणि एकेक डोळा हातानं झाकून पाहू लागले. "ह्या डोळ्यानं चहा, ह्या डोळ्यानं पाणी," ते म्हणाले. मग केलेला डोळा उघडा ठेवून खूप वेळ उभे राहिले. "पोराची माय होती तवा अशीच होती नदी. म्हणजे ही बिघडलीच नव्हती."

दुसरा डोळा झाल्यावर ते सोबत्याकडे गेले. चुकलो म्हणाले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. सोबत्यानं ऐकून घेतलं आणि दारातल्या सगळ्यांसमोर विचारलं, "आता मी कोणत्या रंगाचा दिसून राहिलो, सांग." सगळे हसले. भासरेही हसले. मग ते चालूच झालं. कोणीही भेटला की, "काका, माही गाय आज कोणती? निळी का हिरवी?" त्यांचा सकाळचा फोन बंद झाला. मीच करू लागले. नदी कशी आहे विचारलं की ते म्हणत, "हाय तशी." दूध, भाजी, टाकी सगळं वेळेवर होऊ लागलं, आणि ते झाल्यावर करायला काही उरत नसे.

या उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायचे दिवस सरता सरता, मी गावी गेले. अंगणात सोबती उभा होता. इतक्या महिन्यांनी तो त्या अंगणात आलेला. हातात बांबूची टोपली, तिच्यात मेलेले मासे. बाजारासाठी धरलेले मासे तो टोपलीत घालून जिवंत राहावेत म्हणून डोहात बुडवून ठेवतो. रात्रीतून नदी काळी झाली होती आणि तो पोचेपर्यंत टोपलीतले सगळे मासे मेले होते. भासरे खाटेवर पडलेले.

"तू पहाटं नदीवर गेला होतास का नाई?" सोबत्यानं विचारलं.

"गेलो होतो."

"काळी दिसली का नाई?"

"दिसली."

"मंग काऊन नाही बोंबललास? वर्षभर उगाच बोंबलून गाव डोक्यावर घेतलंस, अन् आज खरंच काळी झाली तर खाटंवर पडून राह्यलास! एक हाक मारली असतीस तर टोपली वर काढली असती गा मी."

भासरे उठून बसले. "मले वाटलं, डोळाच असंल," ते म्हणाले.

टोपली खाली ठेवून सोबती खाटेच्या कडेवर बसला. थोड्या वेळानं दोघं नदीवर गेले, मी मागोमाग. पाणी काजळ कालवल्यासारखं होतं. भासऱ्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "दोन्हीनं काळीच हाय," ते हळू म्हणाले. मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळतात. वर डोंगरात रात्री अवकाळी सर आली आणि ती सगळी राख नदीत उतरली, हेही त्यांनी सांगितलं. ते बरोबर होतं. पण त्यांच्या बोलण्यात पूर्वीचा दरारा नव्हता, कोणाचा हातही त्यांनी शोधला नाही. सोबती एवढंच म्हणाला, "हे मले पहाटं पायजे होतं."

आता ते परत रोज पहाटे नदीवर जातात. पण एकट्यानं काही ठरवत नाहीत. कोणी येईपर्यंत थांबतात आणि येणाऱ्याला विचारतात, "तुले कशी दिसून राहिली?" घरोघरी नळ आल्यापासून पहाटे तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. सोबती येतो, पण गुडघ्यांमुळं त्याला उशीर होतो. तोवर भासरे काठावर उभे असतात, पाण्याकडे पाहत. आणि कोणी येऊन पोचतं तेव्हा त्यांनी पाहिलेलं पाणी केव्हाच पुढं निघून गेलेलं असतं.