गप्प बसायचं ट्रेनिंग

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. रत्नागिरीच्या पोलीस कंट्रोल रूममध्ये मी इन्व्हर्टर दुरुस्त करत होतो आणि वायरलेसवर त्या हवालदारबाई बसल्या होत्या. लोटे गावात एकजण बायकोला कोंडून कोयता घेऊन बसला होता. पोलीस नुकतेच त्याच्या दाराशी पोचले होते.

"आत शिरले का, विचारा की!" मागे उभे असलेले ड्यूटीवरचे साहेब म्हणाले.

बाईंनी माईकवरचा हात काढून घेतला. "आत्ता नको, साहेब. दाराशी वॉकीटॉकी वाजला तर आतला सावध होईल. ट्रेनिंगात बोलायला आठ दिवसांत शिकवलं, गप्प बसायला सहा महिने लागले."

साहेब खुर्चीत बसले.

बऱ्याच वेळाने वायरलेसवर आवाज आला, "दोघंही सुखरूप. कोयता ताब्यात." बाईंनी निरोप शब्दन् शब्द परत म्हटला, वहीत वेळ लिहिली आणि गार झालेला चहा उचलला. बशीत कप खडखडायला लागला. मी बघतोय म्हटल्यावर त्या हसल्या.

"आता वाजू दे," म्हणाल्या.