त्यात कुणी जात नाय ना?

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर माझ्यासमोर पार्ट येतात. मी गेज, म्हणजे मापाचा साचा, लावते, बसलं तर हिरवा टॅग, नाही बसलं तर लाल. या कामाला फार डोकं लागत नाही, लक्ष लागतं, आणि गेल्या उन्हाळ्यानंतर माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. त्यामुळे आईनं जेव्हा मला सिनेमे आणि सिरीज तपासायला बसवलं, तेव्हा मी तेही तसंच केलं. तिथं गेज एकच होतं: त्यात कोणी मरतं का.

गेल्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. शहरातली नोकरी आटोपून तो रोज मोटारसायकलवर फुलंब्रीला घरी यायचा. त्या संध्याकाळी पोहोचला नाही. यापुढचं मला लिहायचं नाही. घर माणसांनी भरलं, सगळे रडले. मी सतरंज्या अंथरल्या, आलेल्या बायकांना पाणी दिलं, तेराव्याच्या स्वयंपाकाला मीठ कमी पडलं ते आणायला माणूस धाडला. "मोठी लई घट्ट मनाची हाय," अशी माझी कीर्ती झाली. घट्ट वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच गाल आपल्याला लागत नाही ना, तसं मला काहीच लागत नव्हतं. वाटलं, उतरेल दोन-चार दिवसांत. उतरलं नाही.

वडिलांनी टीव्हीवर चादर टाकली. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, आणि घरातल्या टीव्हीचा आवाज गल्लीत जाता कामा नये. तो टीव्ही भावानंच आणला होता, हौसेनं, ओसरीची समोरची भिंत व्यापेल एवढा. रात्रीची भाकरी झाली की तो आणि आई त्यावर काहीतरी बघायचे. काय बघायचं ते तोच ठरवायचा. "आई, हे लई भारी हाय," असं म्हणून त्यानं तिला कुठले कुठले परदेशी सिनेमे दाखवले होते. तिला त्यातली अर्धी माणसं ओळखू यायची नाहीत, तरी ती शेवटपर्यंत बसायची. आता टीव्हीवर फुलाफुलांची चादर होती, माझ्याच लग्नात कुणीतरी आहेर केलेली, आणि आई जेवत नव्हती. मी शहरातल्या माझ्या घरून फोन केला की नुसतं "हं" म्हणायची.

मोबाईलचा तोडगा माझ्या चुलतीनं काढला. "मोबाईल म्हंजे काय टीव्ही नव्हं," ती म्हणाली, आणि हा नियम साऱ्या गल्लीला बिनबोभाट मान्य झाला. कानात वायर घातली की दुखवटा मोडत नाही! मी माझं ॲप आईच्या फोनमध्ये घालून दिलं आणि एक विनोदी सिनेमा लावून दिला. सगळ्यांनी वाखाणलेला होता. मध्यंतरापर्यंत त्यात सगळे हसत होते. मध्यंतरानंतर त्यातला तरणा पोरगा गेला. आईनं फोन गव्हाच्या कोठीत टाकला आणि वरून झाकण लावलं. नंतर कधीतरी तो वडिलांनी उकरून काढला, तेव्हा चार्जिंगच्या भोकात गव्हाचं कुसळ अडकलं होतं.

"आता आधी तू बघत जा," आई म्हणाली. "समदं, शेवटपोत्तर. त्यात कुणी जात नसंल तरच मला सांग."

हे ऐकायला सोपं वाटतं. जरा बघून या. हिंदी लावा, मराठी लावा, दक्षिणेकडचं लावा, कोरियातलं लावा, लेखकाला पुढचं सुचेना की तो कुणाला तरी मारतो. काहींना तर सुरुवातही त्याशिवाय जमत नाही. पहिल्याच दृश्यात भिंतीवर हार घातलेला फोटो. मी आईला फोन करून विचारलं, आधीच गेलेला चालतो का?

ती विचार करून म्हणाली, "आधीचा चालतो. माझ्या डोळ्यांदेखत नको."

"म्हातारं माणूस गेलं तर?"

"वय झालेलं असंल तर चालंल."

"आणि म्हैस?"

"म्हैसबी नको. ती काय करती बिचारी कुणाचं."

असे आमचे नियम हळूहळू पक्के होत गेले. दवाखाना चालेल, पण माणूस बरा होऊन घरी आला पाहिजे. भांडणं कितीही चालतील. लग्न मोडलं तर उत्तम, त्यावर तिला दोन दिवस बोलता यायचं. मोटारसायकल मात्र मीच माझ्या मनानं वर्ज्य केली, हे तिला सांगितलं नाही.

मी कंपनीच्या बसमध्ये बघायचे. जालना रोडवर ट्रॅफिक असतंच, त्यामुळे जाता-येता बराच वेळ मिळायचा. सगळं दीडपट वेगानं. त्या वेगात प्रेम करणारी माणसं भांडल्यासारखी बोलतात आणि रडणारी शिंकल्यासारखी दिसतात, पण कोण जिवंत आहे ते बरोबर कळतं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं एकदा माझ्या फोनमध्ये डोकावलं, तर एक मुलगी आपल्या बापाला निरोप देत होती. ती बाई पदरानं डोळे पुसायला लागली. मी मनात म्हटलं, बाप जिवंत आहे, मुलगी जिवंत आहे, गाडीही नीट पुढे गेली. हिरवा टॅग.

या भानगडीत कंपनीत माझं नाव झालं. "मॅडम, रविवारसाठी काहीतरी सांगा ना," असं लोक येऊन विचारायचे, आणि त्यांना नेमकं रक्तबंबाळ काहीतरी हवं असायचं. ते माझ्याकडे ढिगानं होतं. आईकडचा सगळा रिजेक्ट माल मी तिकडे खपवला. "तुमची चॉइस लई डेंजर आहे," पॅकिंगमधला एकजण कौतुकानं म्हणाला. मी हसले. हसताना तोंड नेमकं किती उघडायचं हे मला त्या दिवसांत ठरवून करावं लागायचं. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं.

आई मात्र सुधारत होती. दिवेलागणीला, भाऊ घरी यायच्या वेळेला, ती ओसरीत भिंतीला टेकून कानात वायर घालून बसायची. त्याआधी ती वेळ ती फाटकाकडे बघत काढायची, हे वडिलांनी मला सांगितलं होतं. आता एक भाग बघून होईपर्यंत अंधार पडायचा, ती वेळ टळायची, आणि मग ती उठून भाकरी थापायची. स्वतःही खायची. मग मला फोन करून त्या सिरीजमधल्या सुनेला नावं ठेवायची. म्हणून माझ्याकडचा माल संपणं परवडणार नव्हतं. ती एक वेळ टळायला हवी होती, रोज.

हिवाळ्यात मला एक सिरीज सापडली. डोंगरातलं गाव, सफरचंदाची बाग, एक विधवा बाई आणि तिच्या मुली. मोठा मुलगा कधीकाळी रागावून घर सोडून गेलेला. सगळे भाग मी बसमध्ये संपवले. कोणी मेलं नाही, म्हैस नाही, म्हातारी नाही, मोटारसायकल तर त्या डोंगरात चढतच नसावी. शेवटच्या भागात तो मुलगा परत येतो. मी आईला सांगितलं, "बिनधास्त बघ. शेवट गोड आहे."

तिनं ती पुरवून पुरवून बघितली. रोज फोनवर मला त्या बागेची खबर मिळायची. मग एका शनिवारी फोन आला नाही. मी केला, तर वडिलांनी उचलला. म्हणाले, "जमलं तर उद्या ये."

रविवारी दुपारी मी फुलंब्रीला उतरून घरी गेले. आई ओसरीत बसली होती. समोर निवडायला घेतलेली मेथी तशीच पडलेली, सुकून गेलेली. फाटक सताड उघडं होतं. आमच्याकडे ते कधीच उघडं नसतं, शेळ्या आत येतात.

मी शेजारी बसले. ती म्हणाली, "तिचा आला गं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी सगळीकडे मरण शोधत बसले होते. कुणी परत येतं का, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तू बघितलं व्हतंस ना हे?" तिनं विचारलं.

"हो."

"समदं? त्यो फाटकातून येतो ते?"

"हो."

"अन् तुला काय झालं नाय?"

मी खोटं बोलायला हवं होतं, पण तेवढीही ताकद नव्हती. "नाही," मी म्हणाले. "मला काहीच होत नाही, आई. तो गेल्यापासून काहीच झालं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. इतके महिने ती माझ्याशी फाटकाकडे बघत किंवा फोनमध्ये बघत बोलत होती. आता तिनं माझ्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा. मग वायरचं एक टोक माझ्या कानात घातलं, एक स्वतःच्या, आणि तोच शेवटचा भाग लावला. तिच्याकडे तो साध्या वेगानं चालत होता. मी दीडपटीत जे क्षणात बघून टाकलं होतं ते संपता संपेना. ती डोंगरातली बाई पिठाचे हात घेऊन दारात येते आणि नुसती उभी राहते. किती वेळ उभी राहते! आणि माझ्या लक्षात आलं, की आई स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आलं का डोळ्यात काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"येईल. परत लाव."

तेवढ्यात वडील आतून आले. ते कधीपासून दाराआड उभे होते कोण जाणे. ते सरळ टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी चादर ओढून काढली. धूळ उडाली. चादरीची घडी त्यांना नीट घालता येईना, चार कोपरे चार दिशांना जात होते.

"अवो, वरीस झालं नाय अजून," आई म्हणाली. "लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे," वडील म्हणाले. "एक लेकरू हाय ना आपलं अजून. तिला मोठ्यावर दिसू दे नीट."

त्यांनी रिमोट शोधला, त्यांना तो चालवता येईना, म्हणून माझ्या हातात दिला. मी त्यावर तोच भाग लावला. आवाज गल्लीत गेला. समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघून गेली. डोंगरातली ती बाई पुन्हा पिठाचे हात घेऊन दारात आली, आणि माझ्या दोन्ही बाजूंना माझे आईवडील बसून होते, वडिलांच्या मांडीवर ती वेडीवाकडी घडी. मला रडू आलं नाही. पण घसा दुखायला लागला, गिळता येईना इतका, आणि मी ते आईला सांगितलं.